मुलांच्या हातचा आकाशकंदील

आमच्या लहानपणी इंदूरच्या मराठी वाड्यांतून आकाशकंदील विकत आणणे काहीसे कमीपणाचे समजले जाई. कोजागिरीचे दूध पिऊन झाले की दुसऱ्या दिवशी माळ्यावरून गेल्या वर्षीचा सांगाडा खाली उतरे. उंदरांनी कुरतडलेला जुना कागद सोलून काढायचा, सैल झालेल्या कामट्या दोऱ्याने पुन्हा आवळायच्या, खजुरी बाजारातून पतंगाचा कागद आणायचा आणि मग आजोबांच्या देखरेखीखाली आम्हा सहा-सात भावंडांची कामावर नेमणूक व्हायची. थोरले कागद कापत, मधले झिरमिळ्या कातरीत आणि सर्वांत धाकटी म्हणून माझ्याकडे खळ ढवळण्याचे काम येई. खळीला कीड लागू नये म्हणून आजी त्यात मोरचुदाचा एक निळा खडा टाकी. तो खडा मला इतका सुंदर दिसे की एकदा तो मी जिभेला लावून पाहिला होता. चव भयंकर होती, म्हणूनच बहुधा आज हा लेख लिहिण्यास मी शिल्लक आहे. मोरचूद हे तांब्याचे विषारी लवण आहे, हे कळण्यासाठी मला पुढे वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागले.

ही आठवण सांगण्याचे कारण निराळे आहे. गेली काही वर्षे माझ्या दवाखान्यात पाच-सहा वर्षांच्या मुलांना घेऊन येणारे पालक एक तक्रार वारंवार सांगतात. मूल हुशार आहे, तोंडी सर्व येते, पण लिहायला बसले की हात दुखतो म्हणते, अक्षर ओळीत राहत नाही, शाळेतून चिठ्ठ्या येतात. त्यावर एखादे टॉनिक द्यावे अशी विनंती असते. तपासणीत बहुधा काहीही आढळत नाही. तेव्हा मी मुलाच्या हाती एक कागद आणि बोथट टोकाची कात्री देते व पट्टी कापायला सांगते. पुष्कळदा असे दिसते, की मुलाने कात्री हाती धरण्याची ती पहिलीच वेळ असते. मोबाईलच्या काचेवर मात्र त्याची तर्जनी सराईतपणे सरकत असते. त्या सरकण्याला फार तर एक बोट लागते, तेही जोर न लावता.

हाताची वाढ ही बालरोगशास्त्रातील अत्यंत रमणीय गोष्ट आहे. तान्ह्या बाळाची मूठ मिटलेली असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते स्वतःचेच हात डोळ्यांसमोर धरून न्याहाळू लागते. सहाव्या महिन्याच्या सुमारास वस्तू सगळ्या पंजाने ओढून घेते आणि वर्षाचे होता होता अंगठा व तर्जनी यांच्या टोकांत चुरमुऱ्याचा एक दाणा नेमका उचलते. येथवरचा प्रवास जवळजवळ आपोआप होतो. पुढचा प्रवास मात्र मुलापुढे काय येते यावर बराच अवलंबून असतो. तीन वर्षांचे मूल पाहून वर्तुळ काढू शकते, चार वर्षांचे अधिकचे चिन्ह, साधारण पाच वर्षांचे त्रिकोण. शंकरपाळ्याचा आकार मात्र सहा-सात वर्षांखाली सहसा साधत नाही. म्हणून चार वर्षांच्या मुलाला कंदिलासाठी शंकरपाळे कापून दे म्हणणे आणि ते वेडेवाकडे आले म्हणून रागावणे हा निव्वळ अन्याय आहे.

घरात कंदील किंवा तोरण करावयाचे असेल तर कामाची वाटणी या वाढीकडे पाहून करावी. दीड-दोन वर्षांच्या मुलाला कागद फाडू द्यावा. आपल्याला तो विध्वंस वाटतो. परंतु कागद फाडताना दोन्ही हातांना विरुद्ध दिशांनी एकाच वेळी काम करावे लागते, आणि ते त्या वयात लहान काम नव्हे. फाडलेले तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवले की उत्तम रंगीत चांदणी होते, आणि तिच्या कडा मुद्दाम सरळ असण्याची गरजही नसते. तीन वर्षांच्या सुमारास मूल कात्रीने एकेक कात्रा मारू शकते, तेव्हा झिरमिळ्यांचे काम त्याचे. चौथ्या वर्षी ते आखलेल्या सरळ रेघेवरून कापू लागते, पाचव्या वर्षी साधे आकार. गाठ मारणे हे त्याहून अवघड. ते सहा-सात वर्षांच्या मुलाकडे सोपवावे. येथे डावखुऱ्या मुलांच्या वतीने एक शब्द. आपली नेहमीची कात्री उजव्या हातासाठी घडवलेली असते. डाव्या हातात धरल्यास वरचे पाते कापायची रेघच झाकते आणि दाबताना पाती एकमेकांपासून दूर सरकतात. डावखुऱ्यांसाठीच्या कात्र्या आता मिळतात. ती आणून द्यावी आणि मग मूल धांदरट आहे की नाही ते ठरवावे.

ज्या घरात बांबूच्या कामट्या बांधणारे कोणी उरलेले नाही, तेथे चिरांचा कंदील करावा. एका चौकोनी कागदाने तो होतो. चित्रकलेच्या वहीचा आयताकृती जाड कागद घ्यावा. त्याच्या आखूड बाजूची दोन बोटे रुंदीची पट्टी कापून बाजूस ठेवावी; ती पुढे कंदिलाची कडी होईल. उरलेला कागद लांबीच्या दिशेने मधोमध दुमडावा आणि घडीवरून नखाने दाबून घ्यावे. मग घडीच्या समोरची जी उघडी कड असते, तिच्यापासून दोन बोटे आत एक रेघ आखावी. आता घडीच्या बाजूने सुरुवात करून त्या रेघेपर्यंत, बोटभर अंतराने, कात्रे मारीत जावे. घडी उलगडली, आखूड कडा एकमेकींवर आणून चिकटवल्या आणि वरून हलकेच दाबले, की मधल्या पट्ट्या बाहेर फुगतात आणि कंदिलाचे पोट तयार होते. आत दुसऱ्या रंगाच्या कागदाची नळी बसवली तर अधिक शोभा येते. खाली पतंगाच्या कागदाच्या झिरमिळ्या.

यात मुले एकच चूक हटकून करतात: घडीऐवजी उघड्या कडेकडून कापू लागतात. मग उलगडल्यावर कंदील न होता दोन्हीकडून झालरी लोंबणारा एक कागद हाती येतो. तो टाकू नये, दोऱ्यावर घालून दारावर झालर म्हणून लावावा. दुसऱ्या कागदाच्या वेळी मूल आपणहून थांबते, घडी कोणत्या बाजूला आहे ते बोटाने चाचपते आणि मग कात्री लावते. त्या चाचपण्यात जे घडते ते मी दहा वेळा समजावूनही घडले नसते. जुन्या लग्नपत्रिकांचा कागद या कामाला दिसायला छान, पण घडीवर तडकतो. त्याच्या चांदण्या आणि टिकल्या कराव्यात. खळ घरीच शिजवावी. एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळून पारदर्शक दिसू लागेपर्यंत. शीतकपाटात ती काही दिवस टिकते. मोरचूद अर्थातच घालू नये. झटपट चिकटवणाऱ्या डिंकाच्या इवल्या नळ्या मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत. बोटे बोटांना आणि पापण्या पापण्यांना चिकटून आलेली मुले मी पाहिली आहेत.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. माझी मुलगी पहिलीत असताना तिने असाच एक कंदील केला. कात्रे कमी-जास्त लांबीचे, डिंकाचे ओघळ, कडी तिरपी. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे फराळाला पाहुणे यावयाचे होते. रात्री ती झोपल्यावर मी तो उलगडला, कडा नीट छाटल्या, दोन पट्ट्या बदलल्या, कडी सरळ केली. एम.डी. झालेल्या आणि दिवसभर इतरांच्या मुलांना वाढीचे सल्ले देणाऱ्या बाईने हे केले. सकाळी पाहुण्यांनी कौतुक केले तेव्हा मुलगी शांतपणे म्हणाली, "हा आईने केला. माझा कुठे गेला?" मी उत्तर दिले नाही. पुढची दोन वर्षे तिने दिवाळीत कात्रीला हात लावला नाही. "तूच कर, तुझा चांगला होतो," असे म्हणून ती आत जाई. त्या म्हणण्यात राग नव्हता, हेच मला अधिक लागले.

टांगावयाच्या शोभेच्या वस्तूंत आपल्याकडे आणखी एक जुना प्रकार आहे, तो म्हणजे पाळण्यावरचे चिमणाळे. कापडाच्या चिमण्या, पोपट, मोती, गोंडे. पूर्वी घरातील बायका शिंप्याकडच्या कातरणातून ते शिवीत. आता थोरल्या भावंडाकडून धाकट्यासाठी ते करवून घ्यावे, कारण नव्या बाळाच्या आगमनाने हिरमुसलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी इतके चांगले काम दुसरे नाही. मात्र करताना एक गंमत मुलांना दाखवावी. चिमणाळे टांगून झाले की मुलाला खाली सतरंजीवर उताणे झोपवून विचारावे, काय दिसते? बहुतेक चिमणाळी उभ्या असलेल्या मोठ्या माणसांसाठी केलेली असतात. झोपलेल्या बाळाला चिमण्यांची नुसती पोटे दिसतात. म्हणून रंगरंगोटी पोटाच्या बाजूला करावी किंवा पक्षी आडवे, खाली तोंड करून टांगावेत. नवजात बाळाला स्पष्ट दिसते ते साधारण वीतभर, फार तर 30 सेंटिमीटरपर्यंतचे, आणि पहिल्या महिन्यांत त्याची नजर काळ्या-पांढऱ्या, ठळक विरोधाच्या आकृतींवर खिळते. फिके गुलाबी, फिके आकाशी हे रंग आपल्या आवडीचे आहेत, त्याच्या नव्हेत. रंगांची जाण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत चांगली येते. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बाळ डोळ्यांनी पक्ष्याचा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाठलाग करते. ते पाहणे थोरल्यालाही मोठे सुखाचे असते. "त्याला माझी चिमणी आवडली" असे तो सर्वांना सांगत फिरतो.

चिमणाळ्याचा तोल साधण्यासाठी खराट्याचे हीर घ्यावेत. नेहमी खालच्या हिराकडून सुरुवात करावी. दोन टोकांना दोन पक्षी बांधून हीर दोऱ्याच्या फासावर धरावा आणि सरळ राहीपर्यंत फास इकडे-तिकडे सरकवावा. जड पक्ष्याकडे फास सरकवावा लागतो, हे मूल दोन मिनिटांत शोधून काढते. तरफेचा नियम त्याला पुढे सातवी-आठवीत भेटेल तेव्हा ओळखीचा वाटेल. हे सर्व करून चिमणाळे बाळाच्या हाताला लागणार नाही इतके उंच, छताच्या कडीला पक्के बांधावे, लोंबते दोरे आखूड ठेवावेत. आणि बाळ हातांवर जोर देऊन छाती उचलू लागले, म्हणजे पाचव्या महिन्याच्या सुमारास, की ते काढून टाकावे. ओढून घेतलेला दोरा गळ्याभोवती बसण्यास फार वेळ लागत नाही.

साहित्याविषयी आम्हा बालरोगतज्ज्ञांची यादी लांब असते, पण काही वस्तूंबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. सजावटीसाठी थर्मोकोल वापरण्यास 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तरी त्याचे मणी अद्याप घरोघरी डब्यांत सापडतात. ते मुलांच्या नाकात जातात, क्ष-किरणात दिसत नाहीत, आणि आठवडाभराने एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाल्यावर आई मुलाला सर्दी म्हणून घेऊन येते. एकाच बाजूची सर्दी ही सर्दी नसते. बियांच्या माळांत गुंजा फार मोहक दिसतात. अखंड गुंज गिळली तर कठीण कवचामुळे बहुधा तशीच बाहेर पडते. परंतु माळेसाठी भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज जीवघेणी ठरू शकते. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांशी आम्ही लहानपणी खेळत असू, त्यांचे विष हृदयावर जाते. त्याऐवजी रिठ्याच्या, चिंचेच्या बिया घ्याव्यात, त्याही तीन वर्षांवरील मुलांसाठीच. त्याहून लहान मुलाच्या श्वासनलिकेत काहीही अडकू शकते.

आणि एक नवी वस्तू. कंदिलात पणती ठेवण्याचे दिवस गेले. त्यानंतर विजेचा दिवा आला आणि आता लुकलुकणारे इवले एल.ई.डी. दिवे. आग लागण्याचे भय गेले हे खरे. परंतु त्यांपैकी अनेकांच्या बुडाशी नाण्यासारखी चपटी गोल बॅटरी असते आणि झाकण नखाने उघडते. ही बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर ती फुटावी लागत नाही की गळावी लागत नाही. ओलसर अस्तराला टेकताच विद्युतप्रवाह सुरू होऊन तेथे तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांतही खोल भाजते. विशेषतः 20 मिलिमीटर व्यासाची लिथियमची बॅटरी. क्ष-किरणात ती नाण्यासारखीच दिसते, पण कडेला दुहेरी वलय असते. आपल्या मंडळातील तरुण सहकाऱ्यांनी दिवाळीच्या रात्री "नाणे आहे, सकाळी पाहू" असे म्हणण्यापूर्वी ते वलय शोधावे ही विनंती. पालकांनी उलटी करवू नये, खाऊ घालू नये, तडक रुग्णालय गाठावे. गिळून बारा तास झाले नसतील आणि मूल एक वर्षाहून मोठे असून गिळू शकत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो; मात्र मध शोधण्यासाठी निघणे लांबवू नये. दिवा घ्यावयाचाच तर ज्याचे झाकण स्क्रूने बंद होते तोच घ्यावा.

इतके सावधगिरीचे सांगितल्यावर एखाद्या वाचकाला वाटेल, की त्यापेक्षा बाजारचा कंदील बरा. त्यांच्यासाठी एका मुलाची हकीकत सांगते.

तो माझ्याकडे प्रथम आला तेव्हा सहा वर्षांचा होता. "आमचा मुलगा डावखुरा आहे, अगदी आठव्या महिन्यापासून," असे वडील कौतुकाने सांगत. पहिल्या वर्षात मूल एकच हात वापरत असेल तर तो डावखुरेपणा नसतो. दुसऱ्या हातात काही उणे आहे का ते पाहावे लागते. याच्या उजव्या अंगात जन्मापासून कमजोरी होती. अंगठा तळव्यात मिटलेला, मनगट वाकलेले. व्यायाम सुरू झाले, पण तो ते करीना. चेंडू धर म्हटले की डाव्या हाताने धरी, डावा हात बांधला तर रडून घर डोक्यावर घेई. आई थकून गेली होती.

दिवाळीच्या आधी एके दिवशी माझ्या प्रतीक्षाकक्षात मुले रंगीत पट्ट्यांची साखळी करीत बसली होती. दरवर्षी तो उद्योग असतो. हाही जाऊन बसला. साखळीचे काम असे आहे, की पट्टी आधीच्या कडीतून ओवायची, टोकाला खळ लावायची, दोन्ही टोके एकमेकांवर आणायची आणि दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरायची. ते एका हाताने होत नाही. त्याने दोन-तीन वेळा डाव्या हाताने करून पाहिले, कडी उघडली. शेजारच्या मुलीने, कोणी न सांगता, "तो हात वर ठेव ना, नुसता ठेव," असे म्हटले. त्याने उजवी मूठ त्या जोडावर ठेवली आणि डाव्या हाताने ती दाबली. दहा म्हणेपर्यंत ती तेथे राहिली. कडी टिकली.

त्या हाताला आम्ही काम देत होतो ते उचलण्याचे, पकडण्याचे. त्याला झेपणारे काम होते ते धरून ठेवण्याचे. त्यानंतर त्याचे व्यायाम आम्ही बदलले: कागद दाबून धर, पुठ्ठा टेकवून धर, डबा धर आणि डाव्या हाताने झाकण काढ. आईने घरी साखळी चालू ठेवली. उजवा हात डाव्यासारखा झाला नाही, होणारही नव्हता. पण पुढच्या वर्षी तो पट्टी अंगठा आणि बोटाच्या बाजूमध्ये धरू लागला, आणि तिसऱ्या वर्षी चिरांच्या कंदिलाचा कागद उजव्या हाताने टेकवून डाव्याने कात्रे मारू लागला. त्याच्यासाठी डाव्या हाताची कात्री आम्ही मागवली होती.

पहिल्या वर्षाची त्याची साखळी अजून माझ्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर टांगलेली आहे. सतरा कड्या आहेत. पहिल्या तीन उघड्या पडल्या होत्या, त्यांना मी हात लावलेला नाही. चौथीपासून प्रत्येक जोडावर खळीचा एक मोठा डाग आहे, मुठीच्या आकाराचा.